विश्लेषण : उन्हाळी सुट्टीत लंडनला नाटक शिकायला जाणे कितपत फायद्याचे?

अमेरिकेतील अनेक विद्यापीठे दर उन्हाळ्यात विद्यार्थ्यांना नाटक शिकण्यासाठी लंडनला नेतात. अशा अभ्यासक्रमांकडे आपल्याकडील नाट्यवेड्या विद्यार्थ्यांचेही लक्ष असते. मात्र अर्ज करण्यापूर्वी वेळापत्रक, श्रेयांक आणि खर्च यांचा हिशेब नीट समजून घ्यायला हवा.

तिथे नेमके काय शिकवतात?

असे अभ्यासक्रम साधारण तीन ते सहा आठवड्यांचे असतात. सकाळी वर्ग, संध्याकाळी नाटक आणि दुसऱ्या दिवशी त्यावर चर्चा, असा दिनक्रम असतो. शेक्सपिअरचे मूळ ग्लोब नाट्यगृह १६१३ मध्ये जळाले होते. १९९७ मध्ये टेम्सच्या दक्षिण काठावर ते त्याच धर्तीवर पुन्हा उभे राहिले. तिथे आजही रंगमंचासमोर उभे राहून, तुलनेने स्वस्त तिकिटात नाटक पाहता येते. ‘राडा’ (स्थापना १९०४) आणि ‘लाम्डा’ (१८६१) या अभिनय संस्थाही उन्हाळ्यात लघु अभ्यासक्रम घेतात.

वेळापत्रकाची अडचण काय?

हे अभ्यासक्रम बहुतांश जून ते ऑगस्टदरम्यान होतात, कारण अमेरिका आणि ब्रिटनमध्ये तेव्हा सुट्टी असते. महाराष्ट्रातील महाविद्यालये मात्र जून-जुलैमध्ये सुरू होतात. त्यामुळे हजेरीचा प्रश्न येतो. पुण्यातील विद्यार्थ्यांसाठी तर हाच पुरुषोत्तम करंडकाच्या तालमींचा काळ. एडिंबरा फ्रिंज महोत्सवही ऑगस्टमध्येच असतो.

श्रेयांक मिळतात का?

विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाला श्रेयांक असतात. अभिनय संस्थांचे लघु अभ्यासक्रम बहुधा केवळ प्रमाणपत्र देतात. परदेशी श्रेयांक आपल्या गुणपत्रिकेत आपोआप जमा होत नाहीत. त्यासाठी आपल्या विद्यापीठाची मान्यता लागते आणि ती जाण्यापूर्वी लेखी घेणे शहाणपणाचे.

व्हिसा कोणता?

ब्रिटनच्या स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसावर सहा महिन्यांपर्यंतचा अभ्यासक्रम करता येतो. मात्र संस्था मान्यताप्राप्त हवी. या व्हिसावर नोकरी करता येत नाही. म्हणजे ‘तिथे काम करून खर्च भागवू’ हा हिशेब चुकतो.

पैशांचे गणित कसे?

शुल्काखेरीज विमानभाडे, निवास, विमा, तिकिटे हा सगळा खर्च धरावा लागतो. शिक्षणासाठी थेट संस्थेला पैसे पाठवल्यास आर्थिक वर्षात १० लाख रुपयांपर्यंत टीसीएस कापला जात नाही. तोच कार्यक्रम पर्यटन कंपनीकडून ‘टूर पॅकेज’ म्हणून घेतल्यास पहिल्या रुपयापासून टीसीएस लागतो. विवरणपत्र भरताना तो वळता होतो, पण तोवर पैसे अडकतात.

मग जावे की नाही?

पुण्यात जन्मलेले इब्राहिम अल्काझी ‘राडा’त शिकले आणि १९६२ ते १९७७ या काळात राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे संचालक होते. त्यांचे उदाहरण जाहिरातीसारखे दिले जाऊ शकते, पण ते काही आठवड्यांची सहल करून आलेले नव्हते. लघु अभ्यासक्रमातून नट घडत नाही; जगभरची नाटके पाहण्याची नजर मात्र मिळते. कर्ज काढून जाणाऱ्याने हा फरक आधी ओळखावा. अभिनयाचे पूर्ण प्रशिक्षण हवे असेल, तर राष्ट्रीय नाट्य विद्यालय, पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र आणि मुंबई विद्यापीठाची नाट्यकला अकादमी हे पर्याय देशातच, कितीतरी कमी खर्चात आहेत.