विमानतळावरची चाळणी

ऑक्टोबर २०२१ मधली एक घडामोड आता अनेकांच्या विस्मरणात गेली असेल. भारतात कोव्हिशिल्डचे दोन डोस घेतलेल्या प्रवाशांनाही ब्रिटनने लस न घेतलेल्यांच्या रांगेत उभे केले. ही लस ऑक्सफर्डमध्येच विकसित झालेली. आक्षेप मग आपल्या प्रमाणपत्रावर निघाला. आपण ४ ऑक्टोबरपासून उत्तर दिले. ब्रिटनहून येणाऱ्या ब्रिटिश नागरिकांनी, लस घेतलेली असो वा नसो, दहा दिवस विलगीकरणात राहायचे. ११ ऑक्टोबरला ब्रिटनने अट सैल केली, १३ तारखेला आपण आपली मागे घेतली. राजनैतिक डाव म्हणून ते जमले. पण त्याच विमानात शेजारच्या आसनावर बसून लंडनहून आलेल्या भारतीयाला ही नवी अट लागू नव्हती. आठ-नऊ तास एकाच हवेत श्वास घेतलेले हे दोघे विषाणूच्या दृष्टीने सारखेच होते.

विलगीकरण हा वैद्यकीय उपाय आहे. आजारी माणसाला वेगळे ठेवणे निराळे. इथे धडधाकट दिसणाऱ्या माणसाला, तो कदाचित संसर्ग घेऊन आला असेल म्हणून, अडवून ठेवायचे असते. म्हणून औषध लिहून देताना आपण जे चार प्रश्न विचारतो तेच इथेही विचारायला हवेत: कारण काय, मात्रा किती, मुदत कोणती आणि दुष्परिणाम काय?

या चारही प्रश्नांना नीट उत्तर देणारा एक नियम आपल्याकडे कित्येक वर्षे चालू आहे. केनियाची सफर केलेल्यांना आणि जहाजावर नोकरी करणाऱ्यांना ‘यलो फीवर’चे पिवळे कार्ड ठाऊक असते. हा पीतज्वर आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेच्या काही भागांत आहे, भारतात नाही. पण तो पसरवणारा एडिस डास आपल्या घराघरांत आहे, डेंग्यू त्याचाच प्रसाद. एक रुग्ण आला तरी आग लागू शकते. म्हणून त्या भागातून येणाऱ्याने लस घेतल्याचे प्रमाणपत्र दाखवायचे. नसेल तर सहा दिवस वेगळे राहायचे. सहाच का? कारण संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा काळ, म्हणजे अधिशयन काळ, या रोगात तीन ते सहा दिवसांचा असतो. नियम प्रवासी कुठून आला हे पाहतो, त्याचा पासपोर्ट कोणत्या रंगाचा आहे हे नाही. आणि ज्ञान वाढले तसा तो बदललाही. पूर्वी दर दहा वर्षांनी लस पुन्हा घ्यावी लागे, २०१६ पासून एकदाच घेतलेली आयुष्यभर चालते.

कोविडमध्ये हे गणित अवघड होते, हे मान्य केले पाहिजे. मूळ विषाणूचा अधिशयन काळ सरासरी पाच दिवसांचा, पण चौदा दिवसांपर्यंत लांबू शकणारा. म्हणून सुरुवातीचे चौदा दिवस योग्य होते. ओमायक्रॉनमध्ये तो सरासरी तीन दिवसांवर आला, तेव्हा मुदत कमी होणेही योग्यच. विमानतळावर उतरताच केलेल्या आरटी-पीसीआरचे मात्र आपण फार कौतुक केले. परवा संसर्ग झालेल्या माणसाची चाचणी आज ‘निगेटिव्ह’ येऊ शकते. पाचव्या ते सातव्या दिवशी केलेली चाचणी त्याहून कितीतरी अधिक सांगून जाते. आणि कपाळावर रोखलेली ती तापमापक बंदूक? ज्याला ताप नाही किंवा ज्याने पॅरासिटामॉलची गोळी घेतली आहे, तो तिच्यासमोरून आरामात निघून जातो.

देशांच्या याद्या करण्याचा मार्गही असाच फसवा ठरला. २०२० च्या सुरुवातीला आपली तपासणी प्रामुख्याने चीन आणि पूर्व व आग्नेय आशियातून येणाऱ्यांवर केंद्रित होती. महाराष्ट्रातले पहिले रुग्ण ९ मार्च रोजी पुण्यात सापडले, ते दुबईहून आलेले. ओमायक्रॉनच्या वेळी तर यादी छापेपर्यंत ती जुनी झाली. दक्षिण आफ्रिकेने २४ नोव्हेंबर २०२१ रोजी जागतिक आरोग्य संघटनेला या नव्या विषाणूची माहिती दिली आणि दोन-तीन दिवसांत अनेक देशांनी तिथली विमाने बंद केली. नंतर कळले, की नेदरलँड्समध्ये १९ नोव्हेंबरच्याच नमुन्यात ओमायक्रॉन होता. भारतातले पहिले दोन रुग्ण २ डिसेंबरला कर्नाटकात जाहीर झाले, त्यांपैकी एकाने परदेशप्रवासच केलेला नव्हता. चोर घरात शिरल्यावर आपण दाराला कडी घालत होतो.

मग सीमेवरचे नियम निरुपयोगी आहेत का? तसेही नाही. त्यांनी रोग थांबत नाही, पण वेळ मिळतो. न्यूझीलंडने मार्च २०२० मध्ये, संसर्ग फारसा पसरण्याआधीच, परदेशी प्रवाशांना दार बंद केले. पुढे परतणाऱ्या आपल्याच नागरिकांना चौदा दिवस सरकारी देखरेखीखाली ठेवले आणि लस येईपर्यंत तग धरला. बेटाला जे जमते ते खंडप्राय देशाला जमेलच असे नाही. पण चार आठवडे मिळाले तरी त्यात खाटा, प्राणवायू, चाचण्या आणि मनुष्यबळ उभे करता येते. सरकारी रुग्णालयात काम करणाऱ्याला या चार आठवड्यांची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. मात्र मिळालेला वेळ वापरलाच नाही, तर प्रवाशांना दिलेला त्रास वायाच गेला.

दुष्परिणामांत पहिला येतो पैशांचा. मे २०२० मध्ये परदेशातून परतणाऱ्यांना सात दिवस स्वखर्चाने संस्थात्मक विलगीकरणात राहावे लागले. पर्यटनाहून परतलेल्याला हॉटेलचे बिल खटकते. आखातात नोकरी गमावून परतलेल्या मजुराचे त्यात कंबरडे मोडते. आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावली (२००५) आपणही मान्य केलेली आहे. तिच्या कलम ४० नुसार अल्पकाळासाठी येणाऱ्या प्रवाशांकडून विलगीकरणाचा खर्च घेता येत नाही. कोविडकाळात अनेक देशांनी या कलमाकडे सरळ काणाडोळा केला. समाजाच्या रक्षणासाठी एखाद्याला कोंडायचे असेल, तर खर्च समाजाने उचलावा, हे त्यामागचे साधे तत्त्व. त्याचा वैद्यकीय फायदाही आहे. खिशाला झळ बसणार असेल तर माणूस प्रवास लपवतो, लक्षणे लपवतो.

दुसरा दुष्परिणाम अधिक गंभीर. माणसे लपवतात तसे देशही लपवू लागतात. दक्षिण आफ्रिकेने प्रामाणिकपणे कळवले आणि शिक्षा तिलाच झाली. ही वेळ एकदा आपल्यावरही येऊन गेली आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकॅशियो व्हिएगस यांनी मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचे निदान केले, तेव्हा त्याला प्लेग म्हणायलाच सुरुवातीला टाळाटाळ झाली. या बंदराचा सारा व्यापार पणाला लागला होता. पुढच्याच वर्षी व्हेनिसमध्ये युरोपीय राष्ट्रांची परिषद भरली ती याच प्लेगपासून स्वतःला कसे वाचवायचे यासाठी. सव्वाशे वर्षांनीही, खरे बोलणाऱ्याचे दार आधी बंद करायचे, ही रीत बदललेली नाही.

आणि तिसरा दुष्परिणाम गोंधळाचा. ३० नोव्हेंबर २०२१ रोजी महाराष्ट्राने ‘जोखमीच्या’ देशांतून येणाऱ्यांना सात दिवस संस्थात्मक विलगीकरण आणि तीन चाचण्या सक्तीच्या केल्या. केंद्राचा नियम होता गृह विलगीकरणाचा. १ डिसेंबरला केंद्राचे पत्र आले, २ डिसेंबरला राज्याने आदेश बदलला. विमान हवेत असताना नियम बदलला, तर प्रवाशाने आणि विमानतळावरच्या डॉक्टरने कोणता कागद खरा मानायचा?

पुढची साथ केव्हा येईल हे सांगता येत नाही, पण नियमांचा आराखडा आजच करून ठेवता येतो. विलगीकरणाचे दिवस त्या रोगाच्या अधिशयन काळावरून ठरावेत. निकष प्रवाशाच्या गेल्या दोन-तीन आठवड्यांतील वास्तव्याचा असावा, नागरिकत्वाचा नको. देशभर एकच नियम असावा. त्याची अंतिम तारीख आदेशातच छापावी आणि दर पंधरवड्याला फेरविचार व्हावा. आपल्या वस्त्यांत संसर्ग पसरू लागला, की विमानतळावरचे डॉक्टर आणि तंत्रज्ञ तिथून काढून वॉर्डात पाठवावेत. ज्याला परवडत नाही त्याची सोय सरकारने करावी. आणि नवा विषाणू प्रथम कळवणाऱ्या देशाला लस, चाचण्या आणि पैसा आधी मिळावा.

नियमावलीच्या कलम ४३ प्रमाणे प्रवासात मोठा अडथळा आणणाऱ्या जादा निर्बंधांचे आरोग्यविषयक कारण देशांना जागतिक आरोग्य संघटनेला कळवावे लागते. तेच कारण रांगेत उभ्या असलेल्या प्रवाशालाही चार ओळींत, त्याला समजेल अशा भाषेत सांगावे. ते चार ओळींत सांगता येत नसेल, तर तो नियम काढण्यापूर्वी आणखी एकदा विचार करावा.