डाग वांगाचे, धंदा लाजेचा

माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये आईचा जवळून काढलेला एकही फोटो नाही. जिथे ती आहे तिथे पदर गालावर ओढलेला, नाहीतर कुणाच्या तरी खांद्याआड अर्धा चेहरा. फोटोग्राफर ओरडून थकला, 'मावशी, पुढे या की जरा!' मावशी पुढे आल्या नाहीत. त्याचं कारण मी आहे, आणि हा लेख त्याबद्दलच आहे.

माझी आई बार्शी तालुक्यातल्या आठवडी बाजारांत भाजी विकते. तीस वर्षं झाली. धाकट्या भावाच्या वेळी तिच्या दोन्ही गालांवर तपकिरी डाग उठले. मग ते कपाळावर गेले, वरच्या ओठावर आले. गावात याला वांग म्हणतात. निदान गावाने बरोबर केलं, कारणं मात्र मनाला येतील ती सांगितली. कुणी म्हणालं कोठा साफ नाही, कुणी म्हणालं लिव्हर बिघडलंय. आईने जायफळ दुधात उगाळून लावलं, आंबेहळद लावली, लिंबू चोळलं आणि तसंच उन्हात जाऊन बसली. लिंबाचा रस लावून उन्हात बसलं तर त्वचा भाजते आणि आणखी काळी पडते, हे तिला कोण सांगणार?

माझं लग्न ठरलं तेव्हा मी पुण्यात नोकरीला होते. एका रीलमध्ये 'आठ दिवसांत डाग गायब' असं बघितलं, रूममेटने एका ट्यूबचं नाव सांगितलं. मी मेडिकलमध्ये जाऊन ती मागितली. काउंटरवरच्या माणसाने चिठ्ठी मागितली नाही, कुणासाठी हवी तेही विचारलं नाही. मी दोन ट्यूब घेतल्या आणि गावी जाणाऱ्या भावाच्या हाती दिल्या. म्हटलं, आईचे फोटो चांगले येतील.

तीन आठवड्यांनी आईचा व्हिडिओ कॉल आला. 'बघ गं, गेले की!' खरंच गेल्यासारखे दिसत होते. मला स्वतःचा फार अभिमान वाटला. दीड महिन्याने ट्यूब संपली आणि तिचा चेहरा पेटला. लालभडक, आग आग, ऊन तर सोडाच, चुलीची धगही सोसेना. परत ट्यूब लावली की शांत. थांबवली की परत आग. लग्नापर्यंत गालांवर बारीक लाल शिरा दिसायला लागल्या, लव वाढली, पुरळ आलं. आणि डाग? ते पहिल्यापेक्षा गडद होऊन परतले होते.

ट्यूबमध्ये काय होतं

लग्नानंतर मी ती ट्यूब उलटी करून वाचली. तीन औषधं होती. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन. पहिलं रंगद्रव्य तयार होण्याची प्रक्रिया रोखतं. दुसरं त्वचेची वरची पेशी लवकर बदलायला लावतं. तिसरं स्टेरॉइड आहे.

या मिश्रणाला इतिहास आहे. अमेरिकेतल्या क्लिगमन आणि विलिस या त्वचारोगतज्ज्ञांनी 1975 मध्ये हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि एक स्टेरॉइड असं सूत्र मांडलं. ते चालतं. आजही वांगाच्या उपचारात त्याची सुधारित आवृत्ती वापरतात, पण त्यात सौम्य स्टेरॉइड असतं, वापर साधारण आठ आठवड्यांपुरता असतो आणि डॉक्टरचं लक्ष असतं. आपल्याकडे त्याच जागी मोमेटासोनसारखं जास्त तीव्र स्टेरॉइड घालून ते मिश्रण पावडर-लिपस्टिकच्या सहजतेने विकलं गेलं. स्टेरॉइड दाह दाबतं, त्वचा उजळ दिसते, म्हणून पहिला महिना जादूचा वाटतो. त्यानंतर त्वचा पातळ होते आणि त्याच औषधाची मिंधी होते.

हे माझ्या आईपुरतं असतं तर मी गप्प बसले असते. भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांना या अवस्थेला वेगळं नाव द्यावं लागलं, 'टॉपिकल स्टेरॉइड डॅमेज्ड फेस', म्हणजे स्टेरॉइडने बिघडलेला चेहरा. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात देशातल्या 12 केंद्रांवर चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेले 2,926 रुग्ण तपासले. त्यांतले 433 जण चेहऱ्यावर स्टेरॉइड लावत होते. साधारण दर सात जणांत एक. 2018 मध्ये सरकारने 14 स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. कायदा झाला, काउंटर तेच राहिलं. माझी ट्यूब त्यानंतरची आहे.

आणि ही निदान नाव-गाव असलेली ट्यूब होती. लेबल नसलेल्या, पार्लरमधून डबीत मिळणाऱ्या क्रीमची गोष्ट याहून वाईट आहे. 2023 च्या सुरुवातीला बातमी आली होती. अकोल्यातल्या एकाच घरातल्या बायकांची मूत्रपिंडं बिघडली आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध घेतला तेव्हा धागा त्यांच्या क्रीममधल्या पाऱ्यापर्यंत गेला. पारा रंग उजळतो आणि त्वचेतून आत जाऊन मूत्रपिंड खातो.

वांग म्हणजे मळ नाही

1975 हे साल लक्षात ठेवा. त्याच वर्षी भारतात 'फेअर अँड लव्हली' बाजारात आली. एकीकडे प्रयोगशाळेत एका आजारावरचं औषध, दुसरीकडे दुकानात एका रंगाबद्दलची लाज. गेल्या पन्नास वर्षांत या दोन्ही गोष्टी आपण इतक्या कालवल्या, की आज आजार कुठे संपतो आणि लाज कुठे सुरू होते तेच कळत नाही. 2020 मध्ये त्या क्रीमच्या नावातून 'फेअर' गेलं आणि 'ग्लो' आलं. बाकीच्यांनीही शब्द बदलले. आता कुणी गोरं करत नाही, 'ब्राइट' करतं, 'डी-टॅन' करतं, 'ग्लास स्किन' देतं. माल तोच आहे. तुमचा चेहरा म्हणजे पुसायची राहिलेली काच, असं सांगणारा.

वांग म्हणजे टॅन नाही आणि मळही नाही. त्वचेत रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशी गरजेपेक्षा जास्त काम करायला लागतात. त्यांना चेतवणाऱ्या गोष्टी माहीत आहेत: ऊन, गरोदरपणातले किंवा गर्भनिरोधक गोळ्यांमुळे होणारे हार्मोन्सचे बदल, घराण्यातला वारसा, उष्णता. नुसते अतिनील किरणच नाहीत, डोळ्यांना दिसणारा उजेडही आपल्यासारख्या सावळ्या त्वचेत हे डाग गडद करतो. काहींचं रंगद्रव्य वरच्या थरात असतं, काहींचं खोल. खोल असेल तर वेळ जास्त लागतो. आणि एवढं करून उन्हाळ्यात ते परत येऊ शकतं. ब्लड प्रेशरसारखं आहे हे. काबूत ठेवायचं असतं. 'कायमचे घालवा' म्हणणारा माणूस एक तर अडाणी आहे, नाहीतर खोटारडा.

मग उपचार आहे की नाही? आहे, आणि तो कंटाळवाणा आहे. म्हणून त्याची रील होत नाही. आधी निदान. चेहऱ्यावरचा प्रत्येक काळा डाग वांग नसतो. मुरमं गेल्यावर डाग राहतात, हेअर डायची किंवा सुगंधी द्रव्याची ॲलर्जी असते, लायकेन प्लॅनसचा एक प्रकार असतो. मानेवर आणि कानशिलांजवळ मखमलीसारखी काळी, जाडसर त्वचा असेल तर तो साखरेच्या गडबडीचा इशारा असू शकतो, आणि तिथे क्रीम लावत बसणं म्हणजे धूर निघतोय म्हणून खिडकी पुसणं.

मग सनस्क्रीन. वांगासाठी नुसता एसपीएफचा आकडा पुरत नाही. आयर्न ऑक्साइड असलेलं, रंगाची छटा असलेलं सनस्क्रीन दिसणारा उजेडही अडवतं. ते दोन बोटांवर पट्टी ओढून घ्यायचं आणि उन्हात असाल तर दोन-तीन तासांनी परत लावायचं. त्यावर औषधं, डॉक्टर ठरवतील ती. ॲझेलाइक ॲसिड असतं. हायड्रोक्विनोन असतं, पण मोजके महिने. ते वर्षानुवर्षं लावलं तर त्वचेवर निळसर-काळी झाक बसू शकते आणि ती घालवणं फार अवघड असतं. ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडच्या गोळ्या असतात, पण घरात किंवा स्वतःला रक्ताच्या गुठळ्यांचा इतिहास असेल तर तो खेळ नाही. गरोदरपणात ट्रेटिनॉइन आणि हायड्रोक्विनोन लावायचं नाही. लेझरने आपल्यासारख्या त्वचेत डाग उलट वाढूही शकतात. या सगळ्याला आठ दिवस नाही, महिने लागतात.

'स्वतःवर प्रेम करा' म्हणणाऱ्यांना

हे सगळं एका मैत्रिणीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, 'मुळात आईला उपचाराची गरजच काय? तिला सांग, आहे तशी सुंदर आहेस.' फिल्टर न लावलेल्या सेल्फीखाली असं लिहायला छान वाटतं. पण ब्लड प्रेशरच्या पेशंटला आपण 'तुझ्या बीपीवर प्रेम कर' म्हणतो का? आईला उपचार नको असतील तर तो तिचा हक्क आहे. हवे असतील तर तोही आहे. वांगाने जीव जात नाही हे खरं, पण बाजारात रोज शंभर माणसं तोंडाकडे बघून 'हे काय झालं हो?' विचारतात, ते ती ऐकते, मैत्रीण नाही. लाज विकणारा म्हणतो, ही ट्यूब लाव. प्रेम शिकवणारा म्हणतो, काहीच लावू नकोस. चांगल्या डॉक्टरकडे कसं पोचायचं, हे दोघंही सांगत नाहीत.

आम्ही शेवटी सोलापूरला त्वचेच्या डॉक्टरकडे गेलो. त्यांनी आईला आधी खुर्चीत बसवलं आणि म्हणाल्या, 'मावशी, तुमची काही चूक नाही.' आई रडली. मी बाहेर जाऊन रडले, कारण चूक कुणाची होती ते मला माहीत होतं. स्टेरॉइड त्यांनी हळूहळू सोडवलं. वांगाच्या औषधाला हात लावायच्या आधी त्वचा सावरायलाच काही महिने गेले.

मग सनस्क्रीन आलं आणि मी हिशोब मांडला. एका वेळी साधारण एक ग्रॅम, दिवसातून तीनदा. महिन्याला नव्वद ग्रॅम. पन्नास ग्रॅमची ट्यूब चारशेची धरली तरी महिन्याला सातशेच्या वर. वाईट बाजाराच्या दिवशी आईच्या हातात तीनशे रुपये राहतात. ज्या बाईला उन्हात बसल्याशिवाय पोट भरता येत नाही, तिला 'ऊन टाळा' सांगणं सोपं आहे. बाजाराची पावती दर आठवड्याला न चुकता फाडली जाते, पण ओट्यावर पत्रा काही येत नाही. तुम्ही याला सौंदर्याचा प्रश्न म्हणा, मी याला सावलीचा प्रश्न म्हणते. बाजाराला छप्पर, शेतमजूर बायकांना रुंद काठाची टोपी आणि सरकारी दवाखान्यात त्वचेचा डॉक्टर, या माझ्या मागण्या आहेत. एक मोठी छत्री आम्ही घेतली. आईच्या मते औषधापेक्षा तिचा उपयोग जास्त झाला.

आता तिचे डाग पावसाळ्यात फिके होतात, एप्रिल-मेमध्ये गडद होतात. गेले नाहीत. लाल शिरा अजून दिसतात, त्या बहुधा राहतील. त्या वांगाच्या नाहीत, माझ्या आहेत.

तुमच्याकडून एकच हवं आहे. घरात आईच्या, बहिणीच्या, रूममेटच्या कपाटात डागांची ट्यूब असेल तर ती उलटी करून वाचा. मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल यांपैकी एखादं नाव दिसलं आणि सोबत डॉक्टरची चिठ्ठी नसेल, तर तिला आधी विचारा किती दिवस लावते आहे. महिनोन्‌महिने लावत असेल तर एकदम बंद करायला सांगू नका, भडका उडतो. तिला डॉक्टरकडे घेऊन जा. आणि प्रेमाने कुणाला ट्यूब पाठवू नका. मीसुद्धा प्रेमानेच पाठवली होती.