दात लांब होत नाहीत, हिरड्या उतरतात



साठी उलटलेल्या आपण चौघी जमलो की गुडघे, साखर, बीपी सगळ्यांची चर्चा होते. दातांचा विषय निघाला की मात्र एकच वाक्य ऐकू येतं, "वय झालं, चालायचंच." माझ्या मते हे वाक्य आपण आता सोडून द्यावं. केस वयानं पांढरे होतात. हिरड्या उतरण्यामागे मात्र बहुतेक वेळा काहीतरी कारण असतं, आणि ते वेळेत सापडलं तर दात वाचतात.

अडचण अशी की हे दुखणं दुखत नाही. म्हणून ते डोळ्यांनी शोधावं लागतं. दिवसाउजेडी आरशासमोर उभं राहून ओठ वर करून बघा. दात पूर्वीपेक्षा लांब दिसतात का? हिरडीजवळचा भाग पिवळसर आहे का? ते दाताचं मूळ असतं, ते उघडं पडलं की गार पाणी आणि आंबट लागतं. तिथं नखाला खाच लागते का? दोन दातांच्या मध्ये काळी त्रिकोणी फट पडून त्यात मेथीचं पान अडकतं का? ब्रशला रक्त लागतं का? सकाळी तोंडाला वास येतो का?

कारणं आपल्या घरातलीच आहेत. एक म्हणजे दातांवर साचून दगडासारखा झालेला थर. तो हिरडीच्या आत उतरतो आणि दाताला धरून ठेवणारं हाड झिजवतो. दुसरं म्हणजे भांडी घासल्यासारखा आडवा, जोरात ब्रश. राखुंडी आणि खरखरीत मंजनही त्यातलंच. जेवल्यावर सेफ्टी पिनने दात कोरणं हेही तसंच. आपल्या भागात कामाला येणाऱ्या बायकांमध्ये मिश्रीची सवय अजून आहे. ती तंबाखूच असते, त्यांनाही सांगा. मधुमेह असेल तर हिरड्या लवकर बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्यांमुळे साखर आटोक्यात राहत नाही. काहींच्या हिरड्या जन्मतःच पातळ असतात.

मी कॉमर्स शिकलेली, म्हणून माझ्या भाषेत सांगते. उतरलेली हिरडी आपोआप वर येत नाही, झिजलेलं हाडही सहसा परत येत नाही. हे मुद्दल आहे, एकदा गेलं की गेलं. उपचारानं पुढचा घसारा थांबवता येतो. काही ठिकाणी टाळूची थोडी त्वचा लावून उघडं मूळ झाकता येतं, पण तेही वेळेत गेलं तरच. "दात साफ केले की ढिले होतात" हा समज चुकीचा आहे. आधीच सैल झालेल्या दाताला तो थर टेकू देत असतो. थर निघाला की खरी स्थिती कळते, एवढंच.

आता आपल्या व्रतांबद्दल. चौविहार करणाऱ्या बऱ्याच जणी विचारतात, मग रात्री ब्रश कसा करायचा? सूर्यास्ताआधी जेवण झालं की लगेच मऊ ब्रशनं, हलक्या हातानं दात घासा, मग पच्चक्खाण घ्या. नियम मोडत नाही आणि रात्रभर अन्न दातात राहत नाही. उपवासात तोंड कोरडं पडतं, म्हणून पारण्याच्या दिवशी आणि एरवीही स्वच्छता जास्त सांभाळा. मधुमेह असेल तर तपस्या डॉक्टरांना विचारूनच करा. आयंबिलच्या कोरड्या खाखऱ्याला आणि चण्याला दात लागतात. पाण्यात भिजवून खाणाऱ्या कितीतरी जणी मी स्थानकात बघते. शरीर हे धर्माचं साधन आहे असं प्रवचनात ऐकतो, मग त्या साधनातले दातच का वगळायचे?

तज्ज्ञांकडे कधी जायचं? हिरडीतून रक्त येत असेल किंवा थर जमला असेल तर आधी नेहमीच्या दंतवैद्यांकडे जा. पण साफ केल्यावरही दोन-तीन आठवडे रक्त येत राहिलं, दात हलायला किंवा सरकायला लागला, समोरच्या दातांत नवी फट पडली, हिरडीतून पू आला किंवा मूळ दिवसेंदिवस जास्त उघडं पडायला लागलं, तर हिरड्यांच्या तज्ज्ञांकडे पाठवा असं स्वतःहून म्हणा. त्यांना पेरिओडॉन्टिस्ट म्हणतात. बीडीएसनंतर तीन वर्षं ते हाच विषय शिकलेले असतात.

तिथं गेल्यावर आकडा मागा. दात आणि हिरडी यांच्यामधली खोली बारीक सळईनं मोजतात. 3 मिलिमीटरपर्यंत ठीक, 4 किंवा त्याहून जास्त असेल तर लक्ष हवं. तो आकडा लिहून घ्या आणि पुढच्या वर्षी ताडून पाहा. ताळेबंद काय फक्त दुकानाचाच असतो?

आपल्या जिल्ह्यात राहाता तालुक्यातल्या लोणीला प्रवरेचं ग्रामीण दंत महाविद्यालय आहे. दंत महाविद्यालयात हिरड्यांचा विभाग वेगळा असतो आणि खर्चही सहसा बेताचा असतो. म्हणजे "मोठ्या शहरात कोण जाणार" हे कारणही उरत नाही.

घरातल्या सगळ्यांच्या तपासण्या आपण तारखेनिशी लक्षात ठेवतो आणि आपलं नाव यादीत शेवटी टाकतो. या चातुर्मासाआधी ते नाव वर घ्या. उद्या सकाळी उजेडात आरशात बघा आणि काही दिसलं तर त्याच दिवशी वेळ घ्या.