पीटीचा तास कुणाच्या वाट्याला?

नाशिक जिल्ह्यातल्या एका अनुदानित शाळेत मी क्रीडाशिक्षिका आहे. दहावीचा पीटीचा तास वेळापत्रकात असतो, मैदानावर नसतो. दिवाळीनंतर तो गणिताच्या सरांचा. खेळाचे वाढीव गुण मिळतात म्हणून पालक प्रमाणपत्र मागायला येतात. सरावाला मात्र पोरं पाठवत नाहीत.

मुलींचं आणखी वेगळं. सातवीपर्यंत खो-खोत कुणाला हाती न लागणाऱ्या पोरी नववीत कट्ट्यावर बसतात. विचारलं तर, "घरी पाणी भरायचंय, बाई." नाहीतर, "दादा म्हणतो, हाफ पँट नको."

कोणी काय खेळायचं, हेही पाडा आणि फी बघून ठरतं. आश्रमशाळेला धावणं नि कबड्डी, शहरातल्या इंग्रजी शाळेला टेनिस नि पोहणं. वर, आदिवासी पोरं मुळातच काटक, असं कौतुक! मला या कौतुकाचा राग येतो. सावरपाड्याच्या आदिवासी धावपटू कविता राऊतने २०१० च्या ग्वांगझू एशियाडमध्ये दहा हजार मीटरचं रौप्य जिंकलं, त्यामागे नाशिकमधलं प्रशिक्षण होतं, नुसतं रक्त नव्हतं. आणि गुण असूनही ओळख आडवी येतेच. क्रिकेटपटू पळवणकर बाळूंनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेतले, तरी दलित म्हणून तेव्हाच्या धर्मनिहाय स्पर्धेतल्या हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना कधी मिळालं नाही.

शिक्षणहक्क कायद्याने २००९ मध्ये शाळेला मैदान बंधनकारक केलं. आता तासही राखा. शाळा सुटल्यावरचा सराव मुलींना परवडत नाही. तो सकाळच्या वेळापत्रकातच हवा, नववी-दहावीलासुद्धा.