आधी माप तर द्या!

नोकरी शोधणाऱ्या पोरांना हल्ली दोन गोष्टी फुकट मिळतात : चहा आणि उपदेश. चहा एकदाच मिळतो. उपदेश मात्र येणारा-जाणारा देतो, आणि तोही ठरलेला. "एकच बायोडेटा शंभर ठिकाणी पाठवू नकोस रे बाबा! प्रत्येक नोकरीसाठी वेगळा, अगदी मापाचा शिवून पाठव." सांगणाऱ्याचा थाट असा, की स्वारी जणू पहाटे उठून पाच बायोडेटे शिवून, काजं-बटणं करून मगच दूध आणायला निघाली आहे. प्रत्यक्षात त्यांनी एकाच खुर्चीत तेहतीस वर्षं काढलेली असतात आणि त्या खुर्चीसाठीचा अर्ज त्यांच्या काकांनी लिहिलेला असतो.

माझं भांडण उपदेशाशी नाही. उपदेश बरोबरच आहे. भांडण आहे ते हे कपडे ज्या गिऱ्हाइकांसाठी शिवायचे त्यांच्याशी. पण मी पडलो कॉमर्सचा पदवीधर आणि त्यातून बँकेतला कारकून. आधी जमेची बाजू लिहिल्याशिवाय खर्चाच्या बाजूला हात लावायची मला सवय नाही.

माझा भाचा बी. कॉम. झाला आणि दोन वर्षं त्याने एका हार्डवेअरच्या दुकानाचे हिशेब सांभाळले. त्याच्या बायोडेट्यात काय होतं? 'मेहनती, प्रामाणिक, मिळून-मिसळून काम करण्याची आवड. छंद : वाचन, संगीत, क्रिकेट.' हा मजकूर इतका सार्वजनिक आहे, की त्यावर कुणाचंही नाव घातलं तरी चालेल. मी विचारलं, "अरे, दुकानात तू करत काय होतास?" तर म्हणतो, "काही नाही रे मामा. टॅलीत नोंदी करायच्या, जीएसटीआर-१ महिन्याच्या ११ तारखेच्या आत भरायचा, थ्रीबी २० तारखेच्या आत, उधारीवाल्यांना फोन करायचे आणि रात्री गल्ला मोजायचा." याला तो 'काही नाही' म्हणत होता!

मग आम्ही तीन कागद केले. सीए साहेबांच्या ऑफिससाठी पहिल्या ओळीत ११ आणि २० तारीख. दवाखान्याच्या बिलिंग काउंटरसाठी आधी रोकड, हिशेब आणि चिडलेल्या माणसाशी शांतपणे बोलण्याचा सराव. पतपेढीसाठी उधारीची वसुली. कागद तीन, पोरगा एक. वाक्य एकही खोटं नाही.

यावर आमच्या इमारतीतले एक निवृत्त साहेब म्हणाले, "ही शुद्ध लबाडी आहे. आहे ते एकदा लिहावं आणि गप्प बसावं." लग्नाला जाताना साहेब कोट घालतात आणि मर्तिकाला साधा सदरा. त्याला कुणी लबाडी म्हणत नाही. लबाडी कुठे सुरू होते त्याची खूण आपल्याकडच्या बायोडेट्यातच असते. सगळ्यात खाली, स्थळ आणि दिनांकाच्या वर, एक ओळ असते : वरील माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे. तिन्ही कागदांवर डोळे उघडे ठेवून या ओळीखाली सही करता आली, की झालं. कापड आपलं असावं, शिलाई हवी तशी करावी. शेजाऱ्याच्या दोरीवरचं कापड तेवढं ओढू नये.

आणि ही युक्ती काही आजची नव्हे. सुमारे १४८२ साली लिओनार्दो दा विंची या तिशीतल्या इटालियन गृहस्थाने मिलानच्या लुदोविको स्फोर्झाला नोकरीसाठी पत्र लिहिलं. स्फोर्झांना लढायांची चिंता, म्हणून पत्रभर हलके पूल, तोफा, झाकलेल्या युद्धगाड्या! चित्र काढता येतं हे अगदी शेवटी. झकास शिवलेला अर्ज! पण मौज पुढे आहे. त्याच मिलानमध्ये स्फोर्झांच्या पदरी असताना लिओनार्दोने एका मठाच्या भोजनगृहाच्या भिंतीवर 'द लास्ट सपर' रंगवलं. आज मिलानला जाणारी माणसं तोफ नव्हे, ती भिंत बघायला जातात. म्हणजे अर्जदाराने मापात कसूर केली नव्हती. आपल्याला नक्की काय हवंय हे साहेबांनाच ठाऊक नव्हतं.

इथे खर्चाची बाजू सुरू होते. मापाचे कपडे हवेत ना? मग माप द्या! शिंप्याकडे जाऊन "मला शोभेल असं काहीतरी शिवा, कंबर वीस ते साठ" असं कुणी सांगितलं, तर शिंपी त्याला प्यायला पाणी देईल आणि घरचा फोन नंबर विचारेल. नोकरीच्या जाहिराती मात्र बिनदिक्कत असंच बोलतात. 'अनुभव : ० ते ५ वर्षे.' 'पगार : योग्यतेनुसार.' 'डायनॅमिक उमेदवार पाहिजे.' आता हिशेब लिहिणारा माणूस डायनॅमिक असून कसं चालेल? तो जागेवर बसलेला असावा, हीच तर त्याची पहिली पात्रता!

आमच्या धंद्यालाही नटण्याची हौस आहेच. सरकारी बँकांच्या सामाईक भरतीच्या २०२५ च्या जाहिरातीत क्लार्कचा 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' झाला. काउंटर तोच, पासबुकं तीच. पण त्या जाहिरातीत निदान माप छापलेलं होतं : वय २० ते २८, पदवी, परीक्षेचे विषय, गुण, मुदत. पोराला कळतं, आपण कुठे बसतो आणि कुठे उसवतो.

बऱ्याच मोठ्या कंपन्यांत तर हल्ली अर्ज आधी सॉफ्टवेअर चाळतं. जाहिरातीतले शब्द अर्जात आहेत का, ते पाहतं. दोन रकान्यांचा सुबक कागद केला तर त्याचा कधी कधी गोंधळ उडतो आणि वडिलांचं नाव शिक्षणात जाऊन बसतं. म्हणून पोरं साधा, एका रकान्याचा कागद करतात, जाहिरातीतले शब्द जपून पेरतात. काही महाभाग पांढऱ्या कागदावर पांढऱ्या अक्षरांत शब्द लपवतात. ते पकडलं जातं, आणि जावंच. पण पोराने रात्री जागून शिवायचं आणि तिकडे कपडा माणसाने हातात न घेता मशीनने भिरकावायचा, याला चोखंदळपणा म्हणत नाहीत.

आणि भिरकावला तरी सांगाल की नाही? आमच्या बँकेत चेक परत गेला तर आम्ही नुसता परत करत नाही. सोबत मेमो जातो आणि मेमोत कारण असतं : शिल्लक अपुरी, सही जुळत नाही, अक्षरी व अंकी रक्कम वेगवेगळी. पाचशे रुपयांचा चेक असला तरी त्याला तेवढा मान आहे. पदवी घेतलेल्या, धडधाकट, आई-बापांच्या पोराला मात्र कारण मिळत नाही. आलंच तर 'आपल्या पुढील वाटचालीस शुभेच्छा' असं रेडीमेड पत्र, सगळ्यांना एकाच मापाचं. बहुतेक वेळा तेही नाही. मग ते पोर दिवसातून दहादा मेल उघडतं आणि आईला सांगतं, "अजून काही नाही." आईसुद्धा मग विचारायचं सोडते. घरातली ही शांतता कुठल्याच कंपनीच्या ताळेबंदात दिसत नाही.

"हजारो अर्ज येतात हो, कुणाकुणाला कळवणार?" असं साहेब लोक म्हणतात. चेकही काही कमी येत नाहीत! आणि जे सॉफ्टवेअर हजार अर्ज चाळू शकतं, ते हजार मेमोही पाठवू शकतं. 'टॅली येत नाही', 'जागा भरली', 'घर फार लांब'. तीन-तीन शब्द पुरेत. पोराला पुढचा कागद नीट शिवता येईल.

तोवर पोरांनो, तुम्ही शिवत राहा. जाहिरात दोनदा वाचा, केलेलं काम आकड्यात आणि तारखेत सांगा, खोटं अस्तर लावू नका. आणि साहेब, तुम्हाला एकच सांगायचं आहे. कपडा पुढे वाढवता यावा म्हणून शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड सोडतात, त्याला आमच्याकडे 'माया' म्हणतात. अर्जात ती पोरं ठेवतातच. तुमच्या बाजूनेही इंचभर सोडा.