गिऱ्हाइकाला विचारू द्या

जोतिबाची चैत्र यात्रा तोंडावर आली की शहरातल्या टॅटू स्टुडिओंत एक प्रश्न हमखास ऐकू येतो : 'डोंगरावर शे-दोनशेत काढून देतात, मग तुम्ही हजारो कशाचे घेता?' आपण वैतागतो, यात्रेतल्या मशीनवाल्याला चार शब्द सुनावतो आणि कामाला लागतो. पण प्रश्न रास्त आहे. शिवाय आपल्या आज्यांच्या हातावरची तुळस अशाच जत्राबाजारांतून आलेली, तेव्हा नाक मुरडण्यात अर्थ नाही. उत्तर द्यायला हवं, आणि ते खुर्चीपाशी दिसायला हवं.

कारण आपल्याकडे बघायला दुसरं कुणी येत नाही. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार कामगार थोडे असतील तर ऑनलाइन सूचना दिली, पावती घेतली, की दुकान सुरू. सुई कोणती, शाई कोणती, याची चौकशी त्यात नाही. तपासणारा उरतो एकटा गिऱ्हाईक, आणि तो बिचारा इन्स्टाग्रामवरचे फोटो बघून येतो. काय बघायचं ते आपणच त्याला सांगितलं पाहिजे.

सीलबंद कार्ट्रिज त्याच्यासमोर फोडायची, पाकिटावरची मुदत त्याला वाचू द्यायची, कॅपमध्ये उरलेली शाई परत बाटलीत ओतायची नाही, हे बहुतेक जण पाळतात. घोटाळा होतो पुढे. काम रंगात आलेलं असतं आणि फोन वाजतो. ग्लोव्ह घातलेल्याच बोटाने आपण तो बंद करतो, त्याच हाताने स्प्रेची बाटली उचलतो, दिव्याची मान वळवतो आणि पुन्हा कातडीवर येतो. सुई नवी, ग्लोव्ह नवे, तरी मागच्या गिऱ्हाइकाचं रक्त बाटलीवरून या गिऱ्हाइकापर्यंत पोचलेलं असू शकतं. हिपॅटायटिस बी चा विषाणू वाळलेल्या डागातही किमान ७ दिवस तग धरतो. संध्याकाळी तोच फोन घरी पोरांच्या हातात जातो. बाटलीला, दिव्याला, मशीनच्या वायरीला दर गिऱ्हाइकामागे नवं प्लास्टिक लावायला खर्च तो कितीसा? स्टीलच्या ग्रिपा वापरत असाल तर ऑटोक्लेव्ह हवाच : १२१ अंश, १५ पौंड दाब, पूर्ण वेळ. निळा दिवा लावलेल्या पेटीने ते काम होत नाही. आणि बी ची लस (तीन डोस, सहा महिन्यांत) आपण स्वतः घेतली आहे का? सी वर तर लसच नाही.

आता हाताबद्दल. ताजा टॅटू कुणाचाही झळकतो; गिऱ्हाइकाला वर्ष उलटलेल्या कामाचे फोटो दाखवा. सुई दीड-दोन मिलिमीटरच्या खाली गेली की शाई पसरते, आणि देवनागरीत ती आधी रफार आणि अनुस्वार गिळते. बारीक अक्षरात 'आईचा आशीर्वाद' मागणाऱ्याला अक्षर मोठं करायला सांगा. स्टेन्सिल लावण्यापूर्वी शुद्धलेखन दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्या. 'आर्शिवाद' लिहिलेले हात या जिल्ह्यात कमी नाहीत. महाराजांचं पोर्ट्रेट ज्याला जमत नाही त्याने ते जमणाऱ्याकडे पाठवावं. शिकाऊ हाताने दंडावर महाराज काढायचे आणि वर 'जय शिवराय' म्हणायचं, हे आम्हाला तरी पटत नाही.

इकडे आणखी एक प्रश्न विचारावाच लागतो : भरतीची तयारी चालू आहे का? कागल, राधानगरी, भुदरगडची पोरं पहाटे रस्त्याने पळतात आणि रविवारी आपल्याकडे येतात. सैन्यभरतीत कायमचा टॅटू चालतो तो कोपराच्या आतल्या बाजूपासून मनगटापर्यंत आणि पंज्याच्या पाठीवर. आदिवासी उमेदवारांना परंपरेप्रमाणे सवलत आहे, बाकीच्यांना नाही. दंडावर किंवा मानेवर काढून दिलेला वाघ वैद्यकीय तपासणीत त्या पोराला घरी पाठवतो. तेव्हा पाच हजारांचं काम सोडावं लागलं तरी सोडा.

पैलवान आला तर त्याला स्पष्ट सांगा : खपली पडून कातडी भरेपर्यंत आखाड्यात उतरायचं नाही. तांबड्या मातीत हळद, ताक, लिंबू असलं तरी ती उघड्या जखमेवर औषध नव्हे. पंचगंगेत किंवा विहिरीत उडी तर नाहीच. मंडळाच्या शिबिरात दरवर्षी रक्त देणारा असेल तर टॅटूनंतर १२ महिने देता येणार नाही, हेही आधीच कानावर घाला.

राहिला कचरा. वापरलेल्या कार्ट्रिज काळ्या पिशवीत बांधून कचरागाडीत टाकणारे आपल्यातच आहेत, आणि ती पिशवी पुढे सफाई कामगार उघड्या हाताने उचलतो. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत सुयांसाठी पांढरा, अर्धपारदर्शक, सुई आरपार जाणार नाही असा डबा सांगितला आहे. एकट्याला हा कचरा नेणारी गाडी बोलावणं परवडत नसेल तर गल्लीतल्या दवाखान्याशी किंवा पॅथॉलॉजी लॅबशी बोला, चार स्टुडिओंनी मिळून खर्च वाटून घ्या. यात्रेच्या आधी एवढं करता येईल.