अहवालाचा मुहूर्त

विधानसभेचे अधिवेशन चालू असले, की वृत्तपत्रांत सभात्याग, घोषणा आणि चटकदार भाषणे यांना जागा मिळते. अमुक अहवाल सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात आला, ही एक ओळ मात्र कोठेतरी तळाशी पडलेली असते आणि आपण ती ओलांडून पुढे जातो. वस्तुतः लोकांच्या राज्यात सरकार जो हिशेब देते, तो याच ओळीत असतो. भाषण सरकार स्वतःविषयी करते. अहवाल सरकारविषयी दुसरा कोणी लिहितो. भाषणाची वेळ कधी चुकत नाही आणि अहवालाची वारंवार चुकते, यात म्हणूनच नवल नाही.

आपल्या राज्यघटनेने याची व्यवस्था करून ठेवली आहे. कलम 151 अन्वये राज्याच्या हिशेबासंबंधीचे महालेखापरीक्षकांचे अहवाल राज्यपालांकडे जातात आणि राज्यपाल ते विधिमंडळापुढे ठेववितात. कलम 323 अन्वये राज्य लोकसेवा आयोगाचा वार्षिक अहवालही याच वाटेने जातो. त्यासोबत एक निवेदन जोडावे लागते. आयोगाचा सल्ला सरकारने कोठे मानला नाही आणि का मानला नाही, हे त्यात सांगावयाचे असते. नेमणुका करण्याचा अधिकार सरकारचा. परंतु सल्ला डावलला तर कारण सभागृहाला सांगितले पाहिजे, असा त्याचा सरळ अर्थ आहे.

उणीव आहे ती मुदतीची. लेखापरीक्षणाचा अहवाल किती दिवसांत पटलावर यावा, हे घटनेत लिहिलेले नाही. दिल्लीत याचा अनुभव नुकताच आला. तेथे महालेखापरीक्षकांचे 14 अहवाल पडून राहिले. प्रकरण उच्च न्यायालयात गेले. जानेवारी 2025 मध्ये न्यायालयाने या दिरंगाईबद्दल नापसंती व्यक्त केली, परंतु विशेष बैठक बोलावण्याचा आदेश दिला नाही. निवडणूक झाली, सरकार बदलले आणि फेब्रुवारी 2025 च्या अखेरीस ते अहवाल एकामागून एक पटलावर येऊ लागले. ज्यांच्या कारभाराचा हिशेब होता, ते तोवर सत्तेवरून गेले होते. हिशेब सत्ताधाऱ्यांकडून मागावयाचा असतो. पायउतार झालेल्यांचा हिशेब हे पुष्कळदा केवळ उट्टे ठरते.

मुदत लिहून ठेवली म्हणजे प्रश्न सुटतो, असेही नाही. चौकशी आयोगांच्या 1952 च्या कायद्यात ती आहे. आयोगाने अहवाल दिल्यापासून सहा महिन्यांच्या आत, केलेल्या कारवाईच्या निवेदनासह, तो विधिमंडळापुढे आला पाहिजे. आता आपल्याच राज्याचे उदाहरण घ्या. 2002 च्या घटनांवरील नानावटी आयोगाचा गोध्रा येथील आगगाडीसंबंधीचा पहिला भाग सप्टेंबर 2008 मध्ये सादर झाला आणि त्याच महिन्यात पटलावर आला. अखेरचा भाग 18 नोव्हेंबर 2014 रोजी सरकारच्या हाती पडला. विधानसभेत तो आला 11 डिसेंबर 2019 रोजी. सहा महिन्यांच्या जागी पाच वर्षे गेली, आणि तीही प्रकरण उच्च न्यायालयात गेल्यानंतर संपली. पहिला भाग काही दिवसांत येऊ शकतो, तर दुसऱ्याला पाच वर्षे का लागावी? विशेष हे, की या अखेरच्या भागाने तत्कालीन मुख्यमंत्री व मंत्री यांना दोषमुक्त ठरविले होते. म्हणजे जो अहवाल सरकारला अडचणीचा नव्हता, तोही फडताळातच राहिला. पाच वर्षे संशय घेणारा संशय घेत राहिला आणि ज्यांनी आपली माणसे गमावली ते उत्तराची वाट पाहत राहिले. दिरंगाईने कोणाचेच भले झाले नाही.

याहून सूक्ष्म असा एक प्रकार आहे. अहवाल अडवून ठेवण्यापेक्षा अहवाल लिहिणाराच नेमला नाही, तर? गुजरातचा लोकायुक्त कायदा 1986 चा. नोव्हेंबर 2003 पासून ते पद रिकामे होते. ऑगस्ट 2011 मध्ये राज्यपाल कमला बेनीवाल यांनी निवृत्त न्यायमूर्ती आर. ए. मेहता यांची नेमणूक केली. सरकारने तिला आव्हान दिले. जानेवारी 2012 मध्ये उच्च न्यायालयाने आणि 2 जानेवारी 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. निकाल एकतर्फी नव्हता. मंत्रिमंडळाची यात भूमिकाच नाही, हे राज्यपालांचे म्हणणे न्यायालयाने चुकीचे ठरविले. मात्र मुख्य न्यायमूर्तींच्या मताला प्राधान्य आहे, म्हणून नेमणूक वैध मानली. इतके होऊनही ऑगस्ट 2013 मध्ये मेहता यांनीच पद नाकारले. अखेर डिसेंबर 2013 मध्ये न्यायमूर्ती डी. पी. बुच यांची नेमणूक झाली. दोन्ही बाजूंनी आपापले अधिकार हिरिरीने सांगितले. पण जवळजवळ दहा वर्षे तक्रार घेऊन जाणाऱ्या नागरिकापुढे रिकामी खुर्ची होती. मैफलीत गवयालाच बोलावले नाही, तर तो बेसूर गायला की सुरेल, हा प्रश्न उरतच नाही.

वडोदऱ्याच्या जुन्या घराण्यांना कागदाची ही शिस्त अपरिचित नाही. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या काळी राज्यकारभाराचे वार्षिक अहवाल छापले जात. ज्या कलावंत कारखान्यात आमच्यासारख्या गवई-बजवय्यांच्या घरांची नावे चढली, तेथेही कलेबरोबर दफ्तर असे: हुद्दा, पगार, रजा, सर्व नोंदलेले. 1916 साली येथे भरलेल्या अखिल भारतीय संगीत परिषदेचाही अहवाल छापून निघाला आणि म्हणूनच तेथे कोण काय बोलले, हे आजचा विद्यार्थी वाचू शकतो. परंतु त्या काळाचे नुसते गोडवे गाऊन चालणार नाही. त्या दफ्तराचा अखेरचा वाचक महाराज होते. धारासभेला सल्ला देता येई, जाब विचारता येत नसे. 1 मे 1949 रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि तो हक्क प्रजेकडे आला. हक्क आला, वाचण्याची सवय मात्र आपण राजवाड्यातच ठेवून आलो, असे कधी कधी वाटते.

सरकारपक्षाचे एक म्हणणे ऐकले पाहिजे. काही अहवाल नाजूक असतात. ते अवेळी बाहेर आले, तर शांतता बिघडेल, अशी भीती असते. ही भीती सदैव खोटी नसते. पण ती खरी असेल, तर तीही सभागृहाला सांगावी आणि तारीख द्यावी. कायद्याने घातलेली मुदत मौनाने मोडण्याचा अधिकार त्या भीतीतून निघत नाही.

उपाय फार मोठे नाहीत. प्रत्येक अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी सरकारने एक यादी ठेवावी: कोणता अहवाल कधी मिळाला, तो केव्हा मांडणार, आणि कोणते वैधानिक पद किती दिवस रिकामे आहे. अहवाल अखेरच्या दिवशी न आणता चर्चेला वेळ राहील असा आणावा. लोकलेखा समिती तो पुढे तपासते हे खरे, पण तिच्या कामालाही लोकांचे लक्ष लागलेले असले तरच धार येते. आणि आपण नागरिकांनी? आमदार मते मागायला किंवा सत्काराला येतात, तेव्हा रस्त्या-पाण्याबरोबर एवढे विचारावे, की गेल्या अधिवेशनात कोणते अहवाल आले आणि त्यांतला आपण कोणता वाचला. दोन-चार ठिकाणी हा प्रश्न निघाला, तरी पुढच्या अधिवेशनापूर्वी एखादे फडताळ उघडेल.